‘तुघलकी’ या शब्दाआड

व्यक्तीच्या नावाचे विशेषण व्हावे आणि ते सहाशे-सातशे वर्षे लोकांच्या जिभेवर राहावे, असे भाग्य फार थोड्या राजांच्या वाट्याला आले. महंमद तुघलकाच्या वाट्याला ते आले, पण भाग्य म्हणून नव्हे. नगरपालिकेने भाजीमंडई गावाबाहेर हलविली की तो निर्णय ‘तुघलकी’ ठरतो. विद्यापीठाने परीक्षेचे वेळापत्रक ऐनवेळी फिरविले की तो ‘तुघलकी कारभार’ होतो. शाळेच्या पुस्तकातून ‘वेडा महंमद’ म्हणून एकदा ओळख झालेला हा सुलतान पुढे आयुष्यभर तसाच सोबत राहतो. दिल्लीची राजधानी दौलताबादेस नेली आणि परत आणली, तांब्याचे नाणे चांदीच्या भावाने चालविले आणि मागे घेतले, या दोन गोष्टींच्या पलीकडे त्याच्याविषयी काही जाणून घेण्याची गरज सुशिक्षितांनाही सहसा वाटत नाही.

ही दोन्ही कृत्ये घडली, यात शंका नाही. शंका आहे ती त्यांच्याभोवती जमलेल्या कथांविषयी, आणि त्याहून अधिक, त्या कथांनी झाकून टाकलेल्या प्रश्नांविषयी. एखादा निर्णय वेडेपणाचा आहे असे एकदा म्हटले की तो का घेतला, कोठे फसला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारण्याचे कारणच उरत नाही.

प्रथम या कथा सांगणारे कोण होते, ते पाहणे इष्ट ठरेल. महंमदाची कारकीर्द १३२५ ते १३५१ अशी सव्वीस वर्षांची. तिचे तीन प्रमुख समकालीन वृत्तांत उपलब्ध आहेत. पहिला झियाउद्दीन बरनी याचा. हा सतरा वर्षांहून अधिक काळ सुलतानाच्या बैठकीतला माणूस होता. परंतु त्याने आपला इतिहास लिहिला तो सुलतानाच्या मृत्यूनंतर, १३५७ साली, फिरोजशाह तुघलकाच्या अमदानीत, वयाची सत्तरी उलटल्यावर आणि दरबारातून दूर फेकला गेल्यावर. बरनी हा जन्माने कुलीन आणि कुलीनतेचा कडवा अभिमानी. न्हावी, माळी, आचारी, दारू गाळणारा अशा ‘हलक्या’ लोकांना सुलतानाने मोठमोठे हुद्दे दिले, याचा त्याला आलेला संताप त्याच्या पानापानांतून उसळताना दिसतो. दुसरा वृत्तांत इसामीचा. त्याने आपले काव्यमय इतिहासलेखन १३५० साली दौलताबादेत केले, आणि ते केले बहमनी घराण्याच्या संस्थापकाच्या आश्रयाने. हा संस्थापक म्हणजे १३४७ साली महंमदाविरुद्ध बंड करून स्वतंत्र झालेला सरदार. शिवाय इसामीचे नव्वद वर्षांचे आजोबा दिल्लीहून दौलताबादेस निघाले असता पहिल्याच मुक्कामावर, तिलपतला, वारले होते. घरातील वृद्धाचा असा अंत पाहिलेल्या माणसाने सुलतानाविषयी गोड लिहावे अशी अपेक्षा कोणी करू नये. पण त्याच्या शब्दाला तटस्थ साक्षीचे मोलही देता येणार नाही. तिसरा साक्षीदार मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता. तो दिल्लीत पोहोचला १३३४ साली, म्हणजे स्थलांतरास सहा-सात वर्षे होऊन गेल्यावर. सुलतानाने त्याला दिल्लीचा काझी केले, भरपूर पैसा दिला, आणि एका सूफी संताच्या भेटीवरून संशय येताच पहाऱ्यातही ठेवले. त्याने आपल्या आठवणी सांगितल्या त्या मायदेशी परतल्यावर, १३५५च्या सुमारास.

दिल्लीच्या स्थलांतराची सर्वांत गाजलेली कथा या तिसऱ्या साक्षीदाराची. शहर रिकामे करण्याचा हुकूम सुटला, झडतीत एक पांगळा आणि एक आंधळा सापडला. पांगळ्याला गोफणयंत्रातून फेकून दिले, आंधळ्याला दौलताबादेपर्यंत फरफटत नेण्याची आज्ञा झाली, आणि तेथे पोहोचला तो त्याचा एक पाय. ही कथा इतकी चित्रमय आहे की ती कोणी विसरत नाही. पण याच प्रवाशाच्या सांगण्याप्रमाणे दिल्ली ते दौलताबाद हा चाळीस दिवसांचा रस्ता होता. चाळीस दिवस एक प्रेत ओढत नेण्यासाठी घोडा आणि शिपाई खर्ची घालणारे प्रशासन कल्पनेतच शोभून दिसते. इब्न बतूताने हे पाहिलेले नाही, ऐकलेले आहे. आणि ऐकलेल्या गोष्टी त्याने नेहमीच मोठ्या आवडीने टिपल्या आहेत. दौलताबादच्या किल्ल्यातील अंधारकोठडीत मांजराहून मोठे उंदीर असल्याची हकीकतही त्याच्याच वृत्तांतात आहे. तिचा आधार घेऊन देवगिरीचा प्राणिशास्त्रीय इतिहास लिहिण्याचे मात्र कोणाच्या मनात आलेले नाही.

बरनी म्हणतो की दिल्लीत कुत्रे-मांजरही उरले नाही. याला उत्तर दगडावर कोरलेले आहे. दिल्लीजवळच्या सरबन येथे विक्रम संवत १३८४चा, म्हणजे १३२८चा, संस्कृत शिलालेख सापडला. खेतल आणि पैतल या दोन व्यापाऱ्यांनी विहीर बांधल्याची ती नोंद आहे. जे शहर ओस पडले, त्याच्या परिसरात त्याच सुमारास वाणी-उदमी पदरचा पैसा खर्चून विहीर बांधतात आणि राजाचे नाव शिलालेखात गौरवाने घालतात, हे कसे? याच सुमारास, १३२८ साली, जैन आचार्य जिनप्रभसूरी यांची आणि सुलतानाची दिल्लीतच भेट झाली. सुलतानाने त्यांचा सन्मान केला आणि तुघलकाबादेच्या कोठारात पडून असलेली महावीराची मूर्ती त्यांच्या स्वाधीन केली. हे आचार्यांच्या ‘विविधतीर्थकल्प’ या ग्रंथात नोंदलेले आहे. फार्सी तवारिखांवर विसंबणाऱ्यांनी या जैन साधनाकडे बराच काळ लक्ष दिले नाही. पुढे जिनप्रभसूरी स्वतःही देवगिरीस गेले आणि काही वर्षे तेथे राहिले.

याचा अर्थ असा की स्थलांतर झाले ते मुख्यतः दरबाराचे: अमीर, उलेमा, सूफी, कारकून आणि त्यांचे कुटुंबकबिले. त्यांचे हाल झाले, अनेक वाटेत मेले, आणि जबरदस्ती झाली हेही खरे. पण सामान्य प्रजेची दिल्ली जागेवरच राहिली. दख्खन नुकतीच जिंकलेली, तिच्यात बहाउद्दीन गुर्शास्पसारख्या नातलग सरदाराने केलेले बंड ताजे, आणि दिल्लीहून तेथवर हुकूम पोहोचण्यास महिना-दीड महिना लागणार. अशा वेळी राज्याच्या मध्यभागी दुसरे शासनकेंद्र उभारण्याची कल्पना वेडगळ म्हणता येईल काय? १३३०च्या आसपासच्या नाण्यांवर ‘तख्तगाह दिल्ली’ आणि ‘तख्तगाह दौलताबाद’ असे दोन्ही उल्लेख आढळतात. राजगाद्या दोन होत्या, हे नाणी सांगतात. एक पुसून दुसरी मांडली, हे कथा सांगतात. चूक होती ती माणसांना सामानासारखे हलविण्यात. आणि त्या चुकीचे एक फळ मराठी मुलखाला अगदी ओळखीचे आहे. खुलदाबादेत बुऱ्हानुद्दीन गरीब आणि कवी अमीर हसन सिज्झी यांच्या कबरी आहेत. हे दोघेही निजामुद्दीन अवलियांचे शिष्य, आणि दोघेही त्या स्थलांतराच्या लाटेबरोबर दक्षिणेत आले ते परत गेले नाहीत. उत्तरेची बोली दख्खनच्या मातीत रुजून पुढे दख्खनी भाषा झाली, तिच्या मुळाशीही हीच मंडळी आहेत.

नाण्याचा प्रश्न अधिक गहन आहे आणि अर्थशास्त्राच्या दृष्टीने अधिक उद्बोधकही. नाणकशास्त्रज्ञ एडवर्ड थॉमस याने १८७१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या सुलतानाला टांकसाळकर्त्यांचा राजकुमार म्हटले आहे, हे ‘वेडा महंमद’ म्हणणाऱ्यांच्या सहसा कानावर आलेले नसते. कारकिर्दीच्या आरंभीच त्याने पूर्वीच्या सुमारे १७० ग्रेन वजनाच्या चांदीच्या टंकाऐवजी १४० ग्रेनचे ‘अदली’ नाणे काढले, आणि सोन्याचे नाणे मात्र सुमारे २०० ग्रेनपर्यंत जड केले. दक्षिणेच्या लुटीने सोने वाढले होते, चांदीची चणचण होती. दोन धातूंचे परस्पर मूल्य बदलले तसे नाण्यांचे वजन बदलणे, हा हिशेब वेड्याचा नाही.

त्यापुढचे पाऊल १३२९-३० चे. पितळेचे व तांब्याचे नाणे काढून ते चांदीच्या टंकाइतकेच धरावे, असा हुकूम झाला. कल्पना आकाशातून पडलेली नव्हती. चीनमध्ये कुबलाई खानाने १२६० पासून कागदी चलन चालविले होते. इराणात गैखातूने १२९४ साली तबरीझमध्ये तसाच प्रयत्न केला, पण बाजार बंद पडले आणि दोनेक महिन्यांत तो सोडून द्यावा लागला. तुघलकाचे नाणे सुमारे तीन वर्षे चालले, म्हणजे गैखातूच्या कागदाहून पुष्कळच अधिक. त्या नाण्यावर फार्सीत सुलतानाच्या नावाने ‘हा चलनी टंक आहे’ अशा अर्थाची मोहोर आणि अरबीत ‘जो सुलतानाची आज्ञा पाळतो तो दयाळू ईश्वराची आज्ञा पाळतो’ असे वचन कोरलेले आहे. धातूत नसलेले मोल आज्ञेने आणि धर्माच्या साक्षीने नाण्यात घालण्याचा हा प्रयत्न होता. आजच्या कोणत्याही नोटेवरील वचन आणि सही यांचे काम याहून वेगळे नाही. आज खिशात खुळखुळणारे प्रत्येक नाणे तत्त्वतः तुघलकाच्याच जातीचे आहे.

मग ते फसले का? तत्त्व चुकीचे होते म्हणून नव्हे. सांकेतिक चलन चालण्यास दोन अटी लागतात: ते बनविण्याचा मक्ता राज्याकडे खरोखर असला पाहिजे, आणि ते किती काढायचे यावर राज्याचा ताबा असला पाहिजे. चिनी सम्राटाने खास कागद, सरकारी छापखाना, नकलेस देहान्ताची शिक्षा आणि सोन्या-चांदीच्या खासगी व्यवहारावर निर्बंध असा सगळा सरंजाम उभा केला होता. तुघलकाकडे होती केवळ मोहोर. पितळेचा तुकडा ठोकून त्यावर अक्षरे उठविणे हे प्रत्येक गावातील तांबटाला, कासाराला, सोनाराला येत होते. चांदीच्या नाण्याची नक्कल करण्यात लाभ थोडा, कारण चांदी घालावीच लागते. पितळेच्या नाण्याची नक्कल करण्यात जवळजवळ सगळाच लाभ. शिवाय राज्याने हे नाणे सारा म्हणून स्वीकारण्याचे बंधन स्वतःवर घेतले होते. तेव्हा गावचे मुकादम आणि जमीनदार घरी पाडलेल्या नाण्यांत सारा भरू लागले, व्यापारी घेताना चांदी मागू लागले आणि देताना पितळ पुढे करू लागले, आणि चांदी मडक्यात पुरली गेली.

‘वाईट नाणे चांगल्या नाण्याला हुसकून लावते’ हा नियम येथे आठवतोच. त्याच्याभोवतीही एक कथा चिकटलेली आहे. तो ग्रेशॅमचा म्हणून शिकविला जातो. पण ते नाव त्याला १८५८ साली मॅक्लाउड या अर्थशास्त्रज्ञाने दिले, आणि तीच गोष्ट ग्रेशॅमच्या आधी कोपर्निकसने लिहून ठेवली होती. पाठ्यपुस्तकांना नावे लागतात, आणि एकदा लागलेले नाव निघत नाही.

बरनी मात्र म्हणतो की प्रत्येक हिंदूचे घर टांकसाळ झाले. हे वाक्य पुढच्या काळात वेगवेगळ्या हेतूंनी वापरले गेले. कोणी त्यात हिंदूंचे चातुर्य पाहिले, कोणी लबाडी. धातुकामाचा धंदा ज्यांच्या हाती होता त्यांनी नक्कल केली, एवढाच त्याचा अर्थशास्त्रीय आशय आहे. त्या नकली नाण्यांनी घोडे आणि शस्त्रे खरेदी करणारे, ती परदेशी व्यापाऱ्यांच्या गळ्यात मारणारे, यांत अनेक धर्मांचे आणि थरांचे लोक असणार, हे सांगण्यास साक्षीदाराची गरज नाही.

पुढे जे घडले ते या प्रकरणातील सर्वांत विलक्षण आणि सर्वांत दुर्लक्षित. नाणे मोडकळीस आल्याचे दिसताच सुलतानाने ते मागे घेतले, आणि ज्याने आणून दिले त्याला बदल्यात सोने-चांदी दिली. तुघलकाबादेत तांब्याच्या राशी टेकड्यांसारख्या साचल्या असे बरनी लिहितो. बुडाला तो खजिना, नाणेधारक नव्हे. बरनीच्या या वर्णनात अतिशयोक्ती किती, हाही विचार करण्याजोगा प्रश्न आहे. १३३२ च्या सुमारास खजिना खरोखर रिता झाला असता, तर १३३४ साली आलेल्या इब्न बतूतावर आणि त्याच्यासारख्या अनेक परदेशी पाहुण्यांवर पैशाचा पाऊस कसा पडला असता? पैशाच्या बाबतीत अत्यंत जागरूक असलेल्या या प्रवाशाच्या वृत्तांतात पितळी नाण्याचा उल्लेखही नाही. देशाच्या अर्थव्यवस्थेचा विध्वंस झाला असता तर दोन वर्षांत त्याची चर्चा बाजारातून इतकी पुसली गेली नसती.

८ नोव्हेंबर २०१६ रोजी पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या, तेव्हा ‘तुघलकी’ हे विशेषण पुन्हा सर्वत्र दिसू लागले. २०१७ साली माजी अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी गुजरातेतील भाषणात, सातशे वर्षांपूर्वी तुघलकानेही नोटबंदी केली होती, अशा आशयाची टीका केली. त्या निर्णयाचे समर्थन वा विरोध करण्यास पुष्कळ मुद्दे आहेत. हा मात्र त्यांपैकी नव्हे. तुघलकाने जुने नाणे रद्द केलेच नव्हते. सोन्या-चांदीची नाणी चालूच होती. त्याने त्यांच्या जोडीला एक नवे नाणे घातले. ही चलनबंदी नव्हे, चलनवाढ होती. एक निर्णय हातातले चलन काढून घेण्याचा, दुसरा हातात नवे चलन देण्याचा. दोहोंचे परिणाम उलट, दोहोंचे बळी वेगळे. चलन रद्द करण्याच्या इतिहासात तुलनेस योग्य अशी १९४६ आणि १९७८ ही दोन वर्षे भारतातच उपलब्ध असताना चौदाव्या शतकापर्यंत जाण्याचे कारण एकच, की तेथे शिवी तयार सापडते. आणि शिवी हाती आली की आकडे मागण्याचा कंटाळा येतो. सत्तेवर असलेल्यांनाही हे सोयीचेच पडते. वेडेपणाचा आरोप हसून झटकता येतो, जमाखर्चाचा तसा झटकता येत नाही.

दुआबातील सारावाढीची कथा थोडक्यात सांगण्यासारखी. सारा दहापट-वीसपट केला, असे पिढ्यान्‌पिढ्या लिहिले गेले. बरनीच्या मूळ शब्दांचा अर्थ ‘दहास एक, वीसास एक’ असाही होऊ शकतो, म्हणजे पाच ते दहा टक्क्यांची वाढ, असे मत पुढे अभ्यासकांनी मांडले. दहापट सारा कोणत्याही शेतातून निघत नाही, हे शेतकऱ्याला विचारले असते तरी कळले असते. तीच गत सुलतानाच्या वडिलांच्या मृत्यूची. १३२५ साली अफगाणपूरचा लाकडी मंडप कोसळून गियासुद्दीन तुघलक दगावला. इब्न बतूता मुलावर कटाचा आरोप करतो, बरनी वीज पडल्याचे सांगतो. मुलावर अन्यत्र तुटून पडणारा बरनी येथे त्याला वाचवितो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. ‘दिल्ली अजून दूर आहे’ ही निजामुद्दीन अवलियांच्या तोंडी घातलेली उक्ती याच प्रसंगाची. तिच्या गोडव्याने कटाच्या कथेला आणखी आयुष्य मिळाले.

यावरून महंमद तुघलक थोर राजा होता असे कोणी म्हणू नये. तो क्रूर होता. त्याच्या दारात रोज होणाऱ्या शिक्षांविषयी तीनही साक्षीदार एकमताने बोलतात, आणि येथे शंका घेण्यास जागा नाही. कल्पना आणि तिची अंमलबजावणी यांच्यामधली माणसे त्याला कधी दिसलीच नाहीत, आणि काम फसले की त्याचा राग त्याच माणसांवर निघे. गिरीश कार्नाडांच्या १९६४ च्या ‘तुघलक’ नाटकाने, आणि विजय तेंडुलकरांनी ते मराठीत आणल्यावर मराठी रंगभूमीनेही, हा ताण ओळखला होता. नाटककारांना दिसले ते पाठ्यपुस्तककारांना मात्र दिसले नाही.

त्याच्या कारकिर्दीचे एक प्रकरण तर लोकस्मृतीत शिरलेच नाही. १३३४-३५ पासून उत्तरेत भयंकर आणि दीर्घ दुष्काळ पडला. सुलतानाने गंगाकाठी कनोजजवळ ‘स्वर्गद्वारी’ नावाची छावणी घालून तेथे काही वर्षे मुक्काम केला, धान्य आणविले, आणि शेतीसाठी स्वतंत्र खाते उघडले. विहिरी, बैल, बियाणे यांसाठी पुढच्या काळात ज्याला तगाई म्हणू लागले तशी कर्जे दिली. तीस कोस लांब आणि तीस कोस रुंद मुलूख घेऊन त्यात वीतभरही जमीन पडीक राहू नये, जव होते तेथे गहू, गव्हाच्या जागी ऊस आणि उसाच्या जागी द्राक्षे व खजूर यावेत, अशी योजना झाली. बरनीच्या सांगण्याप्रमाणे दोन वर्षांत सत्तर लाखांहून अधिक टंक वाटले गेले. ज्यांनी ही रक्कम घेतली त्यांत शेतीशी संबंध नसलेले आणि पैसा पाहून पुढे सरसावलेले लोक पुष्कळ होते. त्यांनी ती खाऊन टाकली, आणि ठरलेल्या जमिनीचा अत्यल्प भाग लागवडीखाली आला. सुलतान ठठ्ठ्याच्या मोहिमेवर असताना १३५१ साली वारला, त्यामुळे हिशेब द्यायची वेळ त्यांच्यावर आलीच नाही. गादीवर आलेल्या फिरोजशाहने ती सगळी येणी माफ करून टाकली.